बोलकी नावे : ब्रिटिश अद्भुतकथा आणि परभाषिक वाचक

ब्रिटिश अद्भुतकथांतील नावे केवळ पात्रांची ओळख सांगत नाहीत. त्यांत जुने शब्द, शाब्दिक कोट्या आणि नादाची गंमत दडलेली असते. परभाषिक वाचकाला नाद ऐकू येतो, गंमत मात्र अनेकदा निसटते. म्हणून नाव तसेच ठेवावे की त्याचा अर्थ आपल्या भाषेत नव्याने घडवावा, हा अनुवादकापुढील मूळ प्रश्न ठरतो.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या डच व स्वीडिश अनुवादांतील नामांतरांवर जे. आर. आर. टॉल्किन नाराज होते. पुढे त्यांनी अनुवादकांसाठी नावांची मार्गदर्शिका लिहिली. ती त्यांच्या निधनानंतर, १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘बॅगिन्स’मधील पिशवीचा अर्थ अनुवादातही उमटावा, असे त्यांचे मत होते. जर्मन ‘बॉयटलिन’ने तो राखला.

‘हॅरी पॉटर’मधील ‘डम्बलडोर’ हा भुंग्यासाठीचा जुना इंग्रजी शब्द. नॉर्वेजियन ‘हुम्लेस्नुर’मध्ये भुंगा टिकला, इटालियनमध्ये तोच गुरू ‘सिलेंते’, म्हणजे ‘मूक’ झाला. गुणगुणणे जाऊन मौन आले! फ्रेंचमध्ये तर अक्षरांची उलटापालट जुळावी म्हणून खलनायकाचे मधले नाव ‘एल्व्हिस’ करावे लागले.

मराठीत पहिल्या भागाचे शीर्षक ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. परीस आपल्या परंपरेत आधीपासूनच होता. त्यामुळे ते उपरे वाटत नाही. प्रत्येक कोटीला असा परीस लाभत नाही. मुलांसोबत मूळ इंग्रजी पुस्तक वाचताना म्हणूनच नावापाशी क्षणभर थांबावे.