पितळेचे पातेले आणि बालकांचे यकृत

महाराष्ट्रातील जुन्या घरांचे वैभव स्वयंपाकघरातील फळीवर मांडलेले असे. चिंचेने घासून लखलखीत केलेली तांब्यापितळेची भांडी ही गृहिणीच्या टापटिपीची खूण मानली जाई. लेकीच्या लग्नात ती द्यावयाची, त्यांवर नावे घालावयाची, आणि पुढे सुनेने ती सासूच्या हातून घ्यावयाची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम होता. पुण्याच्या तांबट आळीतून दिवसभर उठणारा हातोड्यांचा नाद हा या गृहस्थीचाच नाद होता. याच भांड्यांपैकी एखाद्या साध्या पातेल्यातून, घरातील सर्वांत लहान जिवाच्या दुधावाटे, मृत्यू येत असेल अशी शंका कोणास यावी? ती शंका घेतली गेली, कसोशीने तपासली गेली, आणि त्या तपासाचा मोठा भाग पुण्यातच पार पडला.

हा रोग बहुधा सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या मुलांना गाठीत असे. चांगले बाळसे धरलेले मूल एकाएकी किरकिरे होई, अन्नावरची त्याची वासना उडे, अंगात बारीक ताप राही आणि पोट हळूहळू मोठे दिसू लागे. पोटावर हात ठेवला तर उजव्या बरगडीखाली यकृताची कठीण, धारदार कडा बोटांना लागे. पुढे डोळे पिवळे होत, पोटात पाणी साठे, आणि बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. घरोघरी या विकाराला नुसते ‘लिव्हर’ म्हणत. ‘त्यांची दोन मुले लिव्हरने गेली’ एवढे वाक्य पुरेसे असे. एकाच घरात एकामागून एक भावंडे जात, तेव्हा दोष कुळाला, नशिबाला, आणि पुष्कळदा त्या मुलांच्या आईला दिला जाई.

वैद्यकीय वाङ्मयात या रोगाची पहिली नोंद १८८७ साली कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी केली. त्यानंतरच्या अर्धशतकात देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून तशीच वर्णने येत राहिली. उपचार मात्र हाती नव्हता. मद्रासहून येणारे जम्मी यांचे ‘लिव्हर क्युअर’ आणि गावच्या वैद्याच्या पुड्या यांवर आईबापांनी भिस्त ठेवावी, अशीच स्थिती होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या यकृतविकार उपसमितीने १९५५ साली या रोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यामुळे रोगाचे स्वरूप स्पष्ट झाले, परंतु कारण अंधारातच राहिले. कोणी आहारातील उणिवेकडे बोट दाखवी, कोणी विषाणूकडे, कोणी आनुवंशिकतेकडे. १९७१ साली म्हैसूरच्या संशोधकांनी बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन या विषाकडे लक्ष वेधले. प्रत्येक तर्कात थोडेफार तथ्य वाटे. पण सर्व रुग्णांना लागू पडेल असा एकही नव्हता.

पोटावर हात ठेवून यकृत वाढल्याचे कळते. ते कशाने वाढले, हे कळत नाही. त्यासाठी यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून पाहावा लागतो. १९५८ साली इटलीतील मेंघिनी यांनी बरगड्यांमधून पोकळ सुई घालून, क्षणभरात दोऱ्याएवढा तुकडा ओढून घेण्याची रीत प्रसिद्ध केली आणि ही तपासणी पुष्कळ सुकर झाली. सूक्ष्मदर्शकाखाली या बालकांच्या यकृतपेशी फुगलेल्या दिसत आणि एकेका पेशीभोवती तंतूंचे जाळे वेलीसारखे पसरलेले असे. त्या पेशींत मॅलरी यांच्या नावाने ओळखले जाणारे काचेसारखे गोळेही सापडत. हे गोळे एरवी मद्यप्यांच्या यकृतात आढळावयाचे. दुधावर वाढणाऱ्या, पुष्कळदा शाकाहारी घरातल्या तान्ह्या मुलाच्या यकृतात मद्यप्याच्या यकृताचे लक्षण दिसावे, हे मोठेच कोडे होते.

१९७८ साली कोड्याचा पहिला धागा सुटला. दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून निघणारे ऑर्सिन नावाचे एक रंगद्रव्य आहे. लंडनचे पोर्टमन, टॅनर आणि त्यांचे सहकारी यांनी या रुग्णांच्या यकृताचे तुकडे त्या रंगात बुडवून पाहिले, तेव्हा पेशींत गर्द तपकिरी दाणे उमटले. असे दाणे यकृतात तांबे साठल्याचे सुचवितात. दुसऱ्याच वर्षी प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध झाले. निरोगी यकृताच्या एका कोरड्या ग्रॅममध्ये सुमारे पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या बालकांच्या यकृतात ते कित्येक शेकड्यांच्या, अनेकदा हजारांच्या घरात होते.

मग हे तांबे आले कोठून? हा प्रश्न घेऊन टॅनर आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी एकत्र काम केले. येथे रोगनिदान प्रयोगशाळेतून निघून स्वयंपाकघरात शिरले. मुलाला आईचे दूध किती दिवस मिळाले, गाईम्हशीचे दूध कधी सुरू झाले, ते कशात तापविले, कशात ठेवले, असे प्रश्न आजारी मुलांच्या आयांना विचारण्यात आले आणि निरोगी मुलांच्या आयांनाही. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात उत्तराची दिशा स्पष्ट झाली. आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापविलेले व ठेवलेले होते.

कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा आंबट आमटी ठेवली की ती कळकते, हे मराठी गृहिणीला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच तर कल्हईवाल्याची हाक आली की भांडी घेऊन बायका बाहेर येत, आणि तो भाता फुंकून, नवसागर टाकून, कथलाचा पांढरा हात भांड्यावर फिरवी. आंबट पदार्थ आपला दोष रंगाने आणि चवीने सांगतो. दूध मात्र काहीच सांगत नाही. दुधातील केसीन हे प्रथिन पितळेतील तांबे धरून ठेवते आणि दुधाचा रंग, वास, चव काहीही बदलत नाही. नवजात बालकाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा अधिक असतो आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची शक्ती अजून कोवळी असते. आईच्या दुधात तांबे अल्प. तेव्हा वरच्या दुधाची घाई आणि कल्हईविना पातेले, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे अनर्थ ओढवे. मायेने दूध आटवून पाजणाऱ्या आईला हे कळावे तरी कसे?

कारण सापडताच उपचारालाही दिशा मिळाली. शरीरात तांबे साठविणारा एक आनुवंशिक विकार किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णिला होता आणि त्यावर पेनिसिलिनपासून मिळणारे पेनिसिलमाइन हे औषध वॉल्श यांनी १९५६ साली वापरात आणले होते. तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर नेणे हा त्याचा गुण. पुण्यात हेच औषध या बालकांना देऊन पाहण्यात आले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आशा आणि मर्यादा दोन्ही होत्या: कावीळ होऊन रोग बळावल्यावर औषधाचा उपयोग होत नसे, आरंभीच रोग ओळखला तर काही मुले वाचत. पूर्वी जेथे मृत्यू जवळजवळ ठरलेला, तेथे बरी होऊन वाढीला लागलेल्या मुलांची हकीकत १९९६ साली पुण्याच्या डॉक्टरांना लिहिता आली.

या सिद्धान्ताला विरोधही झाला, आणि तो निराधार नव्हता. पितळेच्या भांड्यांतले दूध तर लाखो मुले पीत होती. मग मोजकीच का आजारी पडली? काही रुग्णांच्या घरी तशी भांडी आढळलीच नाहीत, असेही आक्षेप घेण्यात आले. या वादावर दूरच्या एका प्रदेशातून प्रकाश पडला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने १३८ बालके दगावल्याचे १९९६ साली म्युलर आणि सहकाऱ्यांनी दाखविले. तेथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यांत तापवीत. मात्र विशिष्ट कुळांतल्या मुलांनाच हा आजार होई. म्हणजे बीज रक्तात आणि खतपाणी भांड्यात, असा हा दुहेरी योग असावा. आपल्याकडील बालकांमधले ते आनुवंशिक बीज मात्र अद्याप निश्चितपणे हाती आलेले नाही.

ते हाती येण्याची वाट रोगाने पाहिली नाही. जुने कपडे घेऊन नवी भांडी देणाऱ्या बोहारणींच्या टोपल्यांतून स्टील घरोघर पोचले, पितळ माळ्यावर गेले, आणि डॉक्टरांनी स्तनपानाचा व भांडी बदलण्याचा सल्ला आवर्जून दिला. १९९० नंतरच्या दशकात हा रोग झपाट्याने मागे हटला. आज बालकाचे यकृत वाढलेले दिसले तर डॉक्टर प्रथम इतर कारणांचा विचार करतात.

पितळेची भांडी आता पुन्हा हौसेने घरात येत आहेत. त्यात वावगे काही नाही. पण तान्ह्याचे दूध त्यांत तापवू नये, एवढा धडा पुढच्या पिढीला सांगितला पाहिजे. ज्या आयांना कुळाचा दोष म्हणून बोल ऐकावे लागले, त्यांच्याचपाशी बसून, त्यांनाच प्रश्न विचारून रोगाचे मूळ शोधले गेले. त्या आयांची मुले परत आली नाहीत. त्यांच्या उत्तरांनी मात्र पुढची पुष्कळ मुले राखली.