पहिला रणगाडा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस नवल वाटेल. रणगाड्यांविषयीं बोलावयाचें तर लढाया आहेत, सेनापति आहेत. तें सारें सोडून प्लास्टिकच्या वीतभर रणगाड्याबद्दल पंधरा मिनिटें काय बोलावयाचें? परंतु या विषयाकडे मी आपण होऊन वळलों नाहीं. पुण्याच्या माझ्या धाकट्या बहिणीनें मला तो घेणें भाग पाडलें. तिचा मुलगा आतां चौदा वर्षांचा झाला. वाढदिवसाला त्याला रणगाड्याच्या प्रतिकृतीचा संच हवा होता, आणि तोहि साधासुधा नव्हे, तर जर्मनांचा प्रचंड 'टायगर'. बहीण मला म्हणाली, "दादा, मागल्या खेपेस आणलेलें विमान एका पंखानिशीं माळ्यावर पडून आहे. आतां हा रणगाडाहि तसाच पडावयाचा असेल तर पैसे कशाला घालवूं? आणि खरें सांगूं का, माणसें मारण्याचें यंत्र खेळणें म्हणून घरांत आणावें, हेंच मला रुचत नाहीं. तूं इतिहास वाचतोस, तूंच काय तें सांग."

प्रश्न दोन होते. पहिल्याचें उत्तर सोपें आहे असें मला वाटलें होतें. तें देण्यास बसलों तेव्हां मला जपानपर्यंत जावें लागलें.

ज्यांनीं असा संच पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. खोकें उघडलें कीं आंत रणगाडा नसतोच. झाडाच्या फांदीला फळें लागावीं तसे रणगाड्याचे शेंदोनशें भाग प्लास्टिकच्या चौकटींना बारीक देठांनीं जोडलेले असतात. ते एकेक करून कापावयाचे, देठाची खूण कानशीनें घासावयाची, आणि नकाशांतील आंकड्यांच्या क्रमानें चिकटवीत जावयाचें. या कामीं लागणारें सिमेंट हा डिंक नव्हे. तें प्लास्टिकला किंचित् विरघळवितें, दोन पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला कीं सांधा एकजीव होतो. म्हणूनच तें थेंबाऐवजीं धारेनें पडलें तर रणगाड्याच्या पोलादी छातीवर आपल्या आंगठ्याचा ठसा कायमचा उमटतो. हें मी अनुभवानें सांगतों. माझी पहिली प्रतिकृति मीं केवळ खोक्यावरील चित्राला भुलून घेतली होती. तिच्यावर माझ्या उजव्या हाताचे ठसे इतके स्पष्ट उठले होते कीं पोलिसांना दुसरा पुरावा लागला नसता.

आतां जपानकडे वळूं. पॅसिफिक किनाऱ्यावर शिझुओका नांवाचें शहर आहे. तेथें १९४६ सालीं योशिओ तामिया या गृहस्थांनीं लाकूड कापण्याचा धंदा सुरू केला. जोडीला लाकडी प्रतिकृतींचाहि एक लहानसा विभाग निघाला. १९५१ सालीं वखारीला आग लागली आणि लांकडांचा सांठा जळून गेला. त्या तोट्यांतून धंदा नीट सांवरला नाहीं. शेवटीं १९५३ सालीं लाकूड कापणें बंद करून केवळ प्रतिकृति बनवावयाच्या असें ठरलें. म्हणजे जें पोटचें होतें तें गेलें आणि जोडधंदाच कुटुंबाचा आधार झाला. पण थोड्याच वर्षांत अमेरिकेंतून प्लास्टिकचे संच जपानांत येऊं लागले. लाकडाचा ठोकळा तासून आकार काढावयाचा त्रास ज्यांत मुळींच नाहीं, अशा या सुबक मालापुढें लाकडी प्रतिकृतींकडे कोण पाहणार?

तामियांनींहि प्लास्टिकची कांस धरली. १९६० सालीं त्यांनीं 'यामातो' या जपानी युद्धनौकेचा संच काढला. प्लास्टिकच्या संचाला पोलादी सांचा लागतो, आणि सांचा करवून घेणें म्हणजे लहान कारखान्याला सर्वस्व पणाला लावण्यासारखेंच. दुर्दैव असें कीं त्याच नौकेचा संच दुसऱ्या एका कारखान्यानें अधिक स्वस्तांत बाजारांत आणला. तामियांचा माल पडून राहिला.

योशिओ यांचे चिरंजीव शुन्साकु हे विद्यापीठांतून बाहेर पडून या धंद्यांत शिरले होते. नौकेनें घात केल्यावर पुढचा संच कोणता काढावा, या विवंचनेंतून जी वस्तु निघाली ती १९६१ सालचा 'पँथर' रणगाडा. खोक्यावरचें चित्र शिगेरू कोमात्सुझाकी यांनीं काढलें. मुलांच्या मासिकांतून त्यांचीं चित्रें जपानी घरोघर माहीत होतीं. आंत लहानशी विजेची मोटर बसे, आणि जोडलेला रणगाडा खरोखर चाले. पण माझ्या मतें त्या संचाचें मर्म निराळेंच होतें. नवख्या मुलालाहि तो न बिघडवितां जोडतां यावा, अशा हिशोबानें त्याची रचना केलेली होती. माझ्या बहिणीनें मला विचारलेला प्रश्न शुन्साकु तामियांनीं साठ वर्षांपूर्वीं स्वतःला विचारला होता, आणि त्यांच्या उत्तरावर एका कुटुंबाचें भवितव्य अवलंबून होतें. संच धडाक्यानें खपला.

या 'पँथर'मधून एक गंमतीची परंपरा निघाली. आज जगांत रणगाड्यांच्या बहुसंख्य प्रतिकृति मूळच्या एकपस्तीसांश आकाराच्या असतात. हा पस्तीसाचा आंकडा आला कोठून, याचा शास्त्रीय उगम शोधूं गेल्यास हातीं कांहींच लागत नाहीं. बारानें त्याला भाग जात नाहीं, म्हणजे फूट-इंचांच्या हिशोबांत तो बसत नाहीं. दशमानांतहि तो आडनिडाच. खरी हकीकत अशी कीं 'पँथर'च्या पोटांत मोटर आणि बॅटरीच्या दोन कांड्या मावल्या पाहिजेत, या बेतानें त्याचें धड आंखलें गेलें. पुढें त्याच मापांत इतर देशांचे रणगाडे काढावे असें शुन्साकूंच्या मनांत आलें. त्यांनीं आपलीच प्रतिकृति मोजून पाहिली, तों ती मूळच्या सुमारें एकपस्तीसांश भरली! दोन कांड्यांच्या लांबीरुंदीनें ठरविलेलें माप पुढें साऱ्या जगानें प्रमाण म्हणून स्वीकारलें. त्या काळचे कांहीं सांचे अद्यापि वापरांत आहेत. अशा संचाचा तळ उलटा करून पाहिला तर मोटरीच्या कळीसाठीं ठेवलेलीं भोकें तेथें दिसतात. मोटर केव्हांच गेली, भोकें राहिलीं.

इंग्रजांचा हिशोब निराळा. तेथील 'एअरफिक्स' कंपनीनें त्याच १९६१ सालीं आपले पहिले रणगाडे काढले. त्यांतहि पँथर होताच. पण त्यांचें माप एकशहात्तरांश. खेळांतील आगगाडीच्या रुळांशेजारीं तो रणगाडा शोभावा, हा उद्देश. विमानांच्या प्रतिकृतींत रूढ असलेलें एकबाहत्तरांशाचें माप तर अगदीं सरळ आहे: सहा फुटी मनुष्य एक इंचाचा होतो.

हें सारें आंकड्यांचें पुराण झालें. नवशिक्यानें यांतून काय घ्यावें? दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन 'शर्मन' रणगाडा सुमारें एकोणीस फूट लांब होता. एकपस्तीसांशांत तो साडेसहा इंच भरतो, एकअठ्ठेचाळीसांशांत पावणेपांच, आणि एकबाहत्तरांशांत सव्वातीन. लहान माप स्वस्त पडतें, जागा थोडी अडवितें, म्हणून पालकांचा ओढा तिकडे असतो. पण त्यांत दिव्याची कांच मुगाच्या डाळीएवढी होते आणि चिमट्यांतून उडाली कीं सतरंजीनें ती गिळलीच म्हणून समजा. मोठे मोठे एकसोळांशाचे संच आहेत. ते दिसतात भव्य, परंतु पहिल्याच खेपेस इतका खर्च कोणीं करावा? मुलाच्या बोटांना झेपेल आणि टेबलावर मावेल असें माप मला एकपस्तीसांशाचेंच वाटतें.

मापापेक्षां महत्त्वाचीं आहेत चाकें. ही गोष्ट दुकानदार सांगत नाहींत आणि खोक्यावरील चित्रांतहि नीट दिसत नाहीं. भाच्याला ज्याचा मोह पडला होता त्या 'टायगर'च्या आरंभींच्या नमुन्यांत एकेका बाजूस आठ आंस, आणि प्रत्येक आंसावर तीन चाकें एकमेकांत गुंतविलेलीं. दोन्ही बाजूंचीं मिळून अठ्ठेचाळीस! वजन विभागण्यासाठीं जर्मन इंजिनियरांनीं ही योजना केली. रशियाच्या हिंवाळ्यांत त्या चाकांच्या फटींत चिखल भरे, रात्रीं तो गोठे आणि सकाळीं रणगाडा हलेनासा होई. आंतलें एक चाक बदलावयाचें तर बाहेरचीं कित्येक आधीं काढावीं लागत. उलट रशियनांच्या 'टी-चौतीस'ला एका बाजूस पांचच मोठालीं जोडचाकें. खऱ्या कारखान्यांतील कामगाराला जें सोपें होतें, तेंच आज प्लास्टिकचे भाग जोडणाऱ्या मुलालाहि सोपें जातें. अठ्ठेचाळीस चाकें कापून, घासून, रंगवून होईपर्यंत मुलाचा धीर सुटतो आणि माळ्यावरच्या विमानाला सोबती मिळतो. म्हणून मीं भाच्याला लिहिलें कीं 'टायगर' हा तुझा तिसरा किंवा चौथा रणगाडा असूं दे.

चाकांवरून धांवणाऱ्या पट्ट्यांचेंहि तसेंच. कांहीं संचांत पट्ट्याची प्रत्येक कडी सुटी असते. शेंदीडशें कड्या ओंवीत बसण्याचें काम नवख्याचें नव्हे. मऊ प्लास्टिकचा अखंड पट्टा ज्यांत येतो तो संच पहिल्या खेपेस बरा. जाणकार लोक त्याला नांवें ठेवतात, कारण खरा पोलादी पट्टा स्वतःच्या भारानें चाकांवर झोळ खातो आणि हा ताठ राहतो. ठेवोत बापडे! शिवाय सुट्या पितळी पत्र्यांचे व कोरीव जाळ्यांचे जोड ज्यांत आहेत, रणगाड्याच्या पोटांतील इंजिन व तोफगोळेहि ज्यांत दिले आहेत, असे संच भारी किंमतीचे असतात. भेट देणाऱ्या काका-मामांना ते फार आवडतात, पण नवशिक्याला त्यांपासून दूर ठेवावें.

इतकें लिहून मीं 'टी-चौतीस' किंवा 'शर्मन' घ्यावा असा सल्ला दिला. भाच्याचें उत्तर एका ओळीचें आलें: "मामा, मला त्यांतलें कांहींच नको." मीं चाकें मोजलीं, कड्या मोजल्या, पण मुलाचें मन मोजावयास विसरलों होतों. ज्या रणगाड्याविषयीं त्याला कांहींच वाटत नाहीं, तो पांच चाकांचा असला तरी अर्ध्यावर पडणारच.

मग आम्ही तिघें अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास गेलों. चिलखती दलाचें शिक्षण देणारें आपल्या देशाचें केंद्र तेथें आहे, आणि त्याचें रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ पासून आहे. झाडांखालीं 'शर्मन' आहेत, १९६५ च्या युद्धांत पाकिस्तानकडून हस्तगत केलेले 'पॅटन' आहेत. ज्याला मी सोपा म्हणून शिफारशीनें पाठवीत होतों, त्या 'शर्मन'पाशीं मुलगा दोन मिनिटें थांबला असेल. पण इंग्रजी बनावटीच्या 'सेंच्युरियन'पाशीं तो खिळून राहिला. तेथेंच मीं त्याला अरुण खेत्रपाल यांची हकीकत सांगितली. खेत्रपाल यांचा जन्म १९५० सालीं पुण्यांतच झाला. पूना हॉर्स पलटणींत ते सेकंड लेफ्टनंट होते. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत त्यांच्या 'सेंच्युरियन'नें पेट घेतला. बाहेर पडण्याचा हुकूम बिनतारी यंत्रावरून आला असतां, आपली तोफ अजून चालते असें कळवून ते लढत राहिले. दुसरा गोळा लागून त्यांचा अंत झाला तेव्हां त्यांचें वय एकवीस होतें. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळालें. त्यांच्या रणगाड्याचें नांव 'फामागुस्ता'. तो याच केंद्रांत जतन करून ठेवलेला आहे. आम्हांला तो पाहावयास मिळाला नाहीं.

मुलानें कांहीं विचारलें नाहीं. त्यानें 'सेंच्युरियन'च्या चाकाला हात लावून पाहिला. चाक त्याच्या कमरेपर्यंत येत होतें. माझी बहीण मात्र म्हणाली, "एकवीस? म्हणजे याच्यापेक्षां सातच वर्षांनीं मोठा." तिच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मला त्या वेळीं सुचलें नाहीं, आणि आजहि मजपाशीं तें तयार नाहीं. रणगाडा हें माणसें मारण्याचेंच यंत्र आहे. त्यावर रंगाचा कितीहि सुंदर हात फिरविला तरी तें खोटें होत नाहीं. एवढें मात्र मीं पाहिलें कीं खोक्यावरच्या चित्रांतील 'टायगर'विषयीं वाटेंत अखंड बोलणारा मुलगा परततांना गप्प होता.

वाढदिवसाला 'सेंच्युरियन'च आला. योगायोग असा कीं माझ्या साऱ्या कसोट्यांना तो बऱ्यापैकीं उतरतो. तामियांनीं एकपस्तीसांशांत काढलेला त्याचा संच जुना, म्हणून सुट्या भागांची गर्दी त्यांत थोडी. एका बाजूस सहा जोडचाकें. शिवाय दोहों बाजूंस लोंबणाऱ्या पोलादी पत्र्यांमुळें पट्ट्याचा वरचा भाग झांकला जातो, त्यामुळें झोळ नसल्याची चुगली कोणी करूं शकत नाहीं. मीं सोबत एक चांगली कातर, एक बारीक कानस आणि सिमेंटची कुंचला असलेली बाटली पाठविली. रंग मुद्दाम पाठविले नाहींत. आधीं सांधे जमूं देत.

परवां बहिणीचें पत्र आलें. बारांपैकीं अकरा चाकें बसलीं आहेत. बारावें उलटें चिकटलें, तें पातीनें सोडवितांना आंस तुटला. मुलगा दोन दिवस फुरंगटून बसला होता. तुटलेला आंस आंतून तारेचा तुकडा घालून जोडतां येईल का, असें त्यानें आईकडून विचारविलें आहे, आणि तार किती जाडीची हवी हें बहिणीनें खालीं आपल्या शाईनें लिहून विचारलें आहे. अर्ध्या मिलीमीटरची पितळी तार पुरेल, असें मीं कळविलें आहे.