ओव्या मराठी, अक्षरं रोमन

ख्रिस्ती लेखकाचं पुस्तक वाचकापर्यंत जायला काय काय लागतं, हे समजून घ्यायला आज आपण गोव्यातल्या राचोलला जाऊ. तिथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेझुइटाने मराठीत सुमारे ११ हजार ओव्या रचल्या होत्या.

लेखन पूर्ण झालं, तरी छापण्याआधी इन्क्विझिशनची आणि चर्चच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागे. ती मिळाली. अडलं ते अक्षरांपाशी. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण खिळे रोमन. १६०८ साली स्टीफन्सनी रोमला आपल्या वरिष्ठांना लिहिलं, की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी फार वर्षांची इच्छा आहे. अडचणही मोकळेपणी सांगितली: रोमनला २४ साचे पुरतात, इथे ६००च्या आसपास लागतील. साचे झाले नाहीत. मराठी ओव्या रोमन लिपीत छापल्या गेल्या.

किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत हा ग्रंथ वाचला गेला, गायला गेला. मंगळुरात १९०७ साली तो पुन्हा छापला, तोही रोमनमध्येच. शांताराम बंडेलूंनी देवनागरी आवृत्ती काढली १९५६ साली. म्हणजे मधे ३४० वर्षं गेली!

मराठी वाचकाने या ग्रंथाकडे पाठ फिरवली, असं आपण सहज म्हणून जातो. पण छापलेलं पान त्याला वाचता तरी येत होतं का, हे आपण आधी विचारायला हवं.