वाऱ्याचं मीटर

कराडला खेटून असलेलं मलकापूर गाजलं ते चोवीस तास नळाच्या पाण्यासाठी. घरोघरी मीटर बसले, पाणी मोजलं जाऊ लागलं. पण वाऱ्याचं काय? घरात पुरेसा उजेड-वारा येईल की नाही, हे मोजता येतं? येतं की! ते माप शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईत ठरलं.

गोष्ट सुरू होते १८९६ च्या सप्टेंबरात. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. साथ घाट चढून वर आली. मार्च १८९७ मध्ये पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. आपल्या साताऱ्याकडे घरात उंदीर मरून पडला, की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालत.

सरकारचं निदान होतं : कोंदट, अंधारी घरं. म्हणून १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते काढले. शिवाय साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. सोप्या भाषेत, समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मधे मोकळी हवी. भिंत ४० फूट, तर अंतर २० फूट.

आता गंमत बघा. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखवलं, की प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. म्हणजे 'बग' अक्षरशः बगच होता आणि पॅच लागला भलतीकडे! त्यात रस्त्यांसाठी ज्यांची घरं पाडली, ते गरीब शेजारच्या चाळींत कोंबले गेले. माळावर गेलेले अडाणी लोकच जास्त बरोबर होते. उंदीर मागे राहिले ना!

तरीही तो नियम वाया जात नाही. कारण क्षयरोग मात्र हवेतूनच पसरतो. मुंबईतल्या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या राहिल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या क्षयाचा उजेड-वाऱ्याच्या अभावाशी संबंध दिसला.

तेव्हा मलकापुरात हायवेलगत फ्लॅट बघायला गेलात, तर मॉड्युलर किचन नंतर बघा. आधी खिडकी उघडा, समोरच्या इमारतीची उंची बघा आणि दोन्हींमधलं अंतर पावलांनी मोजा. वारा आत आला, तरी त्याला बाहेर जायला दुसरी खिडकी आहे का, तेही बघा. पाण्याचं मीटर नगरपालिका बसवते, वाऱ्याचं आपणच बसवायचं!