बॅगपाइप : वाद्यरचना, निगा आणि सनईशी असलेले नाते

प्रस्तावना :
संगीताच्या इतिहासात राग, घराणी व कलावंत यांचा विचार विपुल झाला आहे. त्या मानाने वाद्याचे सुटे भाग आणि त्यांची निगा हे विषय उपेक्षित राहिले. वस्तुतः वाद्य वाजते ठेवणाऱ्या हातांचे ज्ञान हेही इतिहासाचे साधन होय. प्रस्तुत लेखात बॅगपाइपच्या आधारे हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
स्कॉटिश बॅगपाइप भारतात रुजला तो ब्रिटिश पलटणींमुळे. गढवाल रायफल्ससारख्या (स्थापना १८८७) पलटणींतून तो डोंगराळ खेड्यांत पोहोचला व 'मशकबीन' या नावाने लग्नसमारंभांत वाजू लागला. आपल्या हिंगोलीतही एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ते १९०३ मध्ये ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाले. त्यामुळे लष्करी वाद्यपरंपरेचा अभ्यास या परिसरास सर्वस्वी परका नाही.

रचना :
या वाद्याचे मुख्य भाग चार : हवेची पिशवी, फुंकनळी, बोटांनी वाजवावयाची नळी (चँटर) आणि अखंड सूर देणाऱ्या तीन नळ्या (ड्रोन). फुंकनळीतील झडप हवा परत येऊ देत नाही. वादक श्वास घेत असताना काखेतील पिशवी दाबून हवेचा दाब कायम राखतो. चँटरमध्ये सनईप्रमाणे दुहेरी पत्ती असते व त्यातून नऊ स्वर निघतात. ड्रोनमध्ये एकेरी पत्ती असते.

येथे सनईशी तुलना उद्बोधक ठरते. सनईवादनात मुख्य वादकामागे एक साथीदार केवळ 'सूर' धरून असतो. गालांत हवा साठवून, नाकाने श्वास घेत तो सूर खंडित होऊ देत नाही. बॅगपाइपमध्ये साथीदाराचे काम ड्रोन करतात आणि गालांचे काम पिशवी करते. दोन्ही परंपरांनी अखंड सुराची गरज आपापल्या परीने भागविली आहे.

निगा :
वाद्याचा मुख्य शत्रू म्हणजे वादकाच्याच श्वासातील ओलावा. म्हणून वादनानंतर नळ्या आतून कोरड्या कापडाने पुसाव्या लागतात. सांध्यांवर मेण लावलेला तागाचा दोरा गुंडाळतात. तो सैल झाल्यास हवा गळते. चामडी पिशवी लवचीक व हवाबंद राहावी म्हणून तिच्या आतून विशिष्ट लेप फिरवितात. कृत्रिम कापडाच्या पिशवीस लेपाची गरज नसते, मात्र तीही वाळवावी लागते. हवेतील आर्द्रता झपाट्याने बदलल्यास लाकूड तडकते. मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा व लगोलग येणारा पावसाळा पाहता ही दक्षता येथे अधिक आवश्यक ठरते. पत्ती तर सर्वांत नाजूक असते. आपले सनईवादकही जादा पत्त्या दोऱ्याने वाद्यालाच बांधून ठेवतात, ते याच कारणाने.

निष्कर्ष :
संग्रहालयातील काचेआडचे वाद्य आकार सांगते, आवाज सांगत नाही. पत्ती तासणे, सांधा बांधणे, पिशवी सांभाळणे ही कौशल्ये बहुधा ग्रंथांतून नव्हे, तर गुरूकडून शिष्याकडे हातोहात जातात. वादक गेला की तीही लोपतात. आपल्या परिसरात लग्नाच्या मांडवातील सनईची जागा ध्वनिमुद्रित संगीताने घेतली आहे, हे लक्षात घेता महाविद्यालयीन इतिहास विभागांनी वृद्ध वादकांच्या मुलाखतींत 'काय वाजविता?' या प्रश्नासोबत 'वाद्य कसे जपता?' हेही विचारणे अगत्याचे आहे.