मुंबईची हाक, पंचवीस वर्षांनी

यवतमाळात गुरुवारची भजनं ऐकत जो वाढला, त्याला मंडळ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. मृदंगवाले काका थकले की त्यांचा पुतण्या बसतो. पेटीवाल्याची बदली पुसदला होते, मग वणीहून आलेले एखादे गुरुजी पेटी पुढ्यात ओढून घेतात. मुख्य गाणाऱ्याचं आणि टाळकऱ्याचं वाजतं, वर्षभर अबोला राहतो, आणि एखाद्या सप्ताहात दोघं पुन्हा मांडीला मांडी लावून बसलेले दिसतात. माणसं बदलतात, मंडळाचं नाव तेच राहतं. डीप पर्पल या इंग्रजी हार्ड रॉक बँडची कहाणी पहिल्यांदा सविस्तर वाचली तेव्हा मला आमचं मंडळच आठवलं. त्यांच्या १९९५ च्या मुंबईतल्या मैफलीच्या मुद्रणावर माझा जीव जडला तोही त्यामुळेच.

बँड उभा राहिला १९६८ साली, लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डमध्ये. नाव सुचवलं गिटारवादक रिची ब्लॅकमोर यानं; त्याच्या आजीच्या आवडत्या गाण्याचं ते नाव. ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस. गायक इयन गिलन आणि बेसवाला रॉजर ग्लोव्हर दुसऱ्या वर्षी आले, आणि जग ज्याला डीप पर्पल म्हणून ओळखतं तो आवाज जमून आला. लॉर्ड लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकलेला. सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं आपला बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एकाच मंचावर बसवून स्वतः रचलेला कॉन्चेर्टो वाजवून घेतला. पुढं त्यानं हॅमंड ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून काढायला सुरुवात केली. चर्चमधल्या प्रार्थनेचं ते वाद्य त्याच्या हातात गुरगुरायला लागलं.

आता मुंबईचा धागा. कॅलिफोर्नियातल्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ नावाच्या बँडनं १९६९ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये एक शब्दांवाचूनची रचना घेतली होती. डेव्हिड लाफ्लेमचं व्हायोलिन, जलद लय, आणि नाव ‘बॉम्बे कॉलिंग’. ती चाल लॉर्डच्या कानात बसली. सराव करताना तो ती सहज ऑर्गनवर वाजवत होता, फक्त ठाय लयीत. लय उतरताच चालीचा स्वभावच पालटला; धावणारी धून विनवणीसारखी झाली. गिलननं तिच्यावर शीतयुद्धाच्या भीतीचे शब्द बांधले आणि ‘चाइल्ड इन टाइम’ तयार झालं. १९७० च्या ‘डीप पर्पल इन रॉक’ या अल्बममधलं हे गाणं दहा मिनिटांचं आहे. तिकडच्या मंडळींनीही पर्पलची ‘रिंग दॅट नेक’ उचलून आपल्या नावानं वाजवली आणि फिटंफाट झाली. एका अभंगाच्या चालीवर दुसरा अभंग म्हणणाऱ्या आपल्या लोकांना यात गैर वाटायचं कारण नाही. चाल ही वापरानंच मोठी होते असं मी मनापासून मानतो.

जिवंत मैफलीच्या मुद्रणाचं या बँडचं मोठं काम म्हणजे ‘मेड इन जपान’. १५, १६ आणि १७ ऑगस्ट १९७२, दोन रात्री ओसाकात आणि एक टोकियोत. पहिली रात्र म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाची. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च यानं आठ ट्रॅकच्या यंत्रावर ते टिपलं. अल्बम फक्त जपानपुरता काढायचा असं आधी ठरलं होतं. पुढं तो जगभर गेला आणि हार्ड रॉकच्या मैफली कशा मुद्रित कराव्यात याचा पाठच होऊन बसला. नव्वदीत माझ्याकडं त्याची कॅसेट होती, नागपूरहून मित्राच्या मोठ्या भावानं कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिलेली. गाण्यापेक्षा मला दोन गाण्यांमधली जागा जास्त आवडायची. कोणी खोकतं, कोणी तार जुळवतं, अंधारातून एखादा श्रोता ओरडतो. यवतमाळात बसून ओसाकाच्या त्या माणसाचा आवाज मी कितीदा ऐकला असेन.

मधली वर्षं भांडणांची. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आत. १९७५ मध्ये ब्लॅकमोर बाहेर. १९७६ मध्ये दुकान बंद. १९८४ मध्ये जुने पाच जण पुन्हा एकत्र आले, पाच वर्षांत गिलन पुन्हा गेला, १९९२ मध्ये पुन्हा परतला. नोव्हेंबर १९९३ मध्ये दौरा अर्ध्यावर असताना ब्लॅकमोर जो निघून गेला तो कायमचा. ज्याच्या गिटारीवर ‘स्मोक ऑन द वॉटर’ उभं आहे, तोच नाही. ठरलेले कार्यक्रम गिटारवादक जो सॅट्रियानीनं निभावून दिले. १९९४ च्या अखेरीस अमेरिकेचा स्टीव्ह मोर्स आला.

आणि ८ एप्रिल १९९५ रोजी हे पाच जण मुंबईत होते.

मोर्सला बँडमध्ये येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. त्याच्यासोबतचा एकही अल्बम निघालेला नव्हता; ‘पर्पेंडिक्युलर’ यायला अजून पुढचं वर्ष उजाडायचं होतं. त्या अल्बममध्ये पुढं ‘टेड द मेकॅनिक’ म्हणून आलेलं गाणं मुंबईत ‘केन द मेकॅनिक’ म्हणून वाजलं. गाण्याचं बारसंही पक्कं व्हायचं होतं आणि मुंबईच्या कानावर ते पडलं. ही मैफल आधी व्हिडिओ म्हणून आली, पुढं ध्वनिअल्बमही निघाला. नाव दिलं ‘बॉम्बे कॉलिंग’. शहर त्याच वर्षी अधिकृतपणे मुंबई होत होतं. मुद्रणावर जुनं नाव राहिलं.

त्या रात्री मी यवतमाळात होतो. धामणगावला जाऊन गाडी धरायची आणि मुंबई गाठायची इतके पैसे नव्हते. मैफल होऊन गेल्याचं दोन दिवसांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि जेवण गेलं नाही. मुद्रण हाती लागलं ते बऱ्याच वर्षांनी.

‘मेड इन जपान’ सगळ्या अर्थांनी श्रेष्ठ आहे, तरी मी मुंबईचं मुद्रण जास्त वेळा लावतो. जपानमध्ये बँड शिखरावर होता, मुंबईत तो पुन्हा उभा राहायला शिकत होता. मोर्स ब्लॅकमोरची नक्कल करत नाही. जुन्या गाण्यांतल्या ओळखीच्या जागी तो स्वतःच्या वाटेनं जातो, आणि पेस ड्रमवरून त्याला वाट देतो. नव्या पेटीवाल्याला मृदंगवाला सांभाळून घेतो ना, तसंच. ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये गिलनला चढायचं असतं ते स्वर पंचविशीच्या आतल्या गळ्यासाठी बांधलेले, मुंबईत तो पन्नाशीला टेकला होता. कष्ट ऐकू येतात, आणि ते मला लपवावेसे वाटत नाहीत. पुढं वय ओळखून त्यानं हे गाणं कार्यक्रमांतून उतरवलं. मुंबईच्या नावानं निघालेली चाल इंग्लंडमार्गे पंचवीस वर्षांनी मुंबईच्या श्रोत्यांसमोर वाजली.

जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेला. त्याची जागा त्याच्या हयातीतच, २००२ पासून डॉन एअरी सांभाळत होता. पत्नीच्या आजारपणामुळं २०२२ मध्ये मोर्स थांबला, सायमन मॅकब्राइड आला. २०२४ मध्ये नवा अल्बमही निघाला. १९६८ पासून सगळ्या फळ्यांमध्ये राहिलेला माणूस एकच, इयन पेस.

मागच्या श्रावणात आमच्या मंडळाचे पेटीवाले काका घरी आले होते, वय पंच्याहत्तरच्या पुढं. मी मुंबईची ती मैफल लावली होती. ‘चाइल्ड इन टाइम’चा ऑर्गन सुरू झाला आणि ते चहाचा कप हातात धरून थांबले.

“हे तं पेटीच होय नं बाप्पा,” ते म्हणाले. “कुठलं आहे हे?”

“मुंबईचं, काका. वाजवणारे इंग्लंडचे.”

त्यांनी कप खाली ठेवला, कोपऱ्यातली माझी पेटी ओढली, भाता उघडला आणि डोळे मिटून सूर शोधायला लागले. दुसऱ्या प्रयत्नात पट्टी सापडली. पहिली ओळ बरोबर आली, दुसरीत एका स्वरावर अडले.

“पुन्हा लाव बरं,” ते म्हणाले. “सुरुवातीपासून.”