सुई कोणती घ्यावी? तबकडीतले आवाज आणि आपण

मागच्या ईदला चाचांच्या जुन्या घराची डागडुजी निघाली. माळ्यावरून पत्र्याची एक पेटी खाली आली आणि तिच्यामागून धुळीने माखलेला एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेयर. चाचा अहमदनगरच्या कापड बाजारात शिवणकाम करायचे. दिवसभर मशीन चालवायचे आणि रात्री इशानंतर रेकॉर्ड लावायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पेटीत ७८ च्या एकतीस रेकॉर्डी निघाल्या, चौदा एलपी आणि काही लहान ईपी. बरीचशी कव्वाली, थोडी सिनेमाची गाणी, आणि जुन्या वर्तमानपत्रात जपून गुंडाळलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तीन तबकड्या.

आखातात नोकरी करणाऱ्या भाच्याला मी फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन आला. "मामू, नया टर्नटेबल लो और उसपे सबसे भारी मूव्हिंग कॉईल लगाओ. पैसों की फिकर मत करो."

मूव्हिंग कॉईल म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण पेटी माझ्याकडे आली होती आणि चुकीची सुई लावली तर रेकॉर्ड कायमची खराब होते एवढं ऐकून होतो. म्हणून वाचायला बसलो. सुईचा इतिहास वाचता वाचता आपल्याच इतिहासात येऊन पोचलो, म्हणून हा लेख.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गायसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने कलकत्त्यात गायिका-गायकांचे आवाज मुद्रित केले. त्यात गौहर जान होती. रेकॉर्डच्या शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. कारण साधं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कारागिरांना कोणता आवाज कोणाचा हे कळायला हवं होतं. मैफल संपली की हवेत विरणारा आवाज पहिल्यांदाच नाव लावून मागे राहिला.

त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई खाच कोरायची. १९२५ नंतर विजेवर मुद्रण सुरू झालं आणि आवाजातले बारकावे तबकडीत उतरू लागले.

अब्दुल करीम खाँसाहेबांनी हे दोन्ही काळ पाहिले. १८७२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी जन्मलेले खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या काही तबकड्या निघाल्या, पण आज आपण ऐकतो ती झिंझोटीतली ठुमरी तीसच्या दशकातली, म्हणजे विजेवरच्या मुद्रणाची. त्यांनी मराठी नाट्यपदंही रेकॉर्ड केली. घरात उर्दू आणि बाहेर मराठी असं जगणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटू नये. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमलकोईल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. दफन मिरजेत, ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. दर्ग्याच्या उरुसात आजही संगीत सभा होते. पंडित भीमसेन जोशींनी लहानपणी त्यांची रेकॉर्ड ऐकली आणि असं गाता यावं म्हणून घर सोडलं, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या एका तबकडीने एवढं केलं.

आता सुईकडे येऊ.

७८ ची रेकॉर्ड प्लास्टिकची नसते. ती लाखेची असते, तीच लाख जी झाडावरच्या किड्यांपासून मिळते. तिच्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. जुन्या चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन त्या भुकटीवर घासून खाचेच्या मापाची होई, म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची. पिनेवर शे-सव्वाशे ग्रॅमचा भार असायचा. आजच्या सुईवर दीड ते अडीच ग्रॅम असतो. म्हणजे प्रत्येक वेळी ऐकताना आवाजाचा थोडा भाग झिजून जात होता. आपल्या बुजुर्गांनी ज्या रेकॉर्डवर सर्वात जास्त प्रेम केलं तीच आज सर्वात जास्त खरखरते.

१९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली. प्लास्टिकची तबकडी, ३३ चा वेग आणि बारीक खाच. आपल्याकडे ती साठच्या दशकात घराघरांत रुळली, पण ७८ च्या रेकॉर्डीही त्या दशकात निघतच होत्या. म्हणून फिएस्टासारख्या प्लेयरमध्ये दोन तोंडांची सुई असे. दांडीवरची छोटी कळ फिरवली की एक तोंड ७८ साठी आणि दुसरं एलपीसाठी. खाचेचं माप वेगळं, म्हणून सुईचं माप वेगळं. ७८ ला इंचाच्या सुमारे तीन हजारांश गोलाईचं टोक लागतं, एलपीला एक हजारांश किंवा त्याहून कमी. एलपीची बारीक सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाला जाऊन धूळ नांगरत बसते. ७८ ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेच्या कडा खरवडते.

टोकाच्या मागे जी डबी असते तिला कार्ट्रिज म्हणतात. सुईचं थरथरणं विजेत बदलणं हे तिचं काम. फिएस्टात स्फटिकाचं किंवा सिरॅमिकचं कार्ट्रिज असे. स्वस्त आणि टिकाऊ, पण दाब जास्त. पुढच्या दोन जाती फॅरेडेच्या १८३१ मधल्या शोधावर चालतात. हा धडा आपली दहावीची मुलं शिकतात: तारेचं वेटोळं आणि चुंबक यांपैकी एक हललं की वीज तयार होते. सुईच्या दांडीला चुंबक जोडून वेटोळं स्थिर ठेवलं की ते मूव्हिंग मॅग्नेट. दांडीला वेटोळं जोडून चुंबक स्थिर ठेवला की ते मूव्हिंग कॉईल. मशिदीच्या भोंग्यातही वेटोळंच हलतं, फक्त तिथे वीज आत जाते आणि आवाज बाहेर येतो. इथे उलटं.

हलणारं वेटोळं चुंबकापेक्षा हलकं असतं. त्यामुळे खाचेतली बारीक नक्षी सुई जास्त इमानाने वाचते. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनने १९५९ मध्ये एसपीयू हे स्टीरिओचं मूव्हिंग कॉईल बाजारात आणलं. साठच्या दशकात जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी डेननने डीएल-१०३ घडवलं आणि ते आजही बनतं. तंबोऱ्याची जवारी ऐकून फरक समजतो. तारेखाली सुताचा धागा सरकवून मिरजेचा कारागीर जी झणकार जुळवतो, ती चांगल्या मूव्हिंग कॉईलवर सुटी सुटी ऐकू येते. भाच्याचा आग्रह चुकीचा नव्हता.

पण त्याची किंमत फक्त पैशांत नसते. हलकं वेटोळं म्हणजे तारेचे कमी फेरे, आणि कमी फेरे म्हणजे कमी वीज. डीएल-१०३ मधून साधारण ०.३ मिलिव्होल्ट निघतात, मूव्हिंग मॅग्नेटमधून चार-पाच. साध्या अँप्लिफायरला तो आवाज कुजबुजीसारखा वाटतो. मध्ये वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा मूव्हिंग कॉईलसाठी बनवलेला फोनो प्रीअँप्लिफायर लागतो. डीएल-१०३ ची दांडी ताठ असते, तिला टर्नटेबलचा हातही वजनदार हवा. हलक्या हातावर बसवलं तर पैसे वाया. आणि मुख्य गोष्ट, मूव्हिंग मॅग्नेटची सुई झिजली की ती ओढून काढायची आणि नवी लावायची. मूव्हिंग कॉईलमध्ये सहसा तसं करता येत नाही. अख्खं कार्ट्रिज कारागिराकडे पाठवा नाहीतर नवं घ्या. आपल्या जिल्ह्यात असा कारागीर मला तरी सापडला नाही.

मग मी पेटीकडे पाहिलं. निम्म्याहून अधिक रेकॉर्डी ७८ च्या. त्यांना जाड टोक हवं, आणि बहुतेक मूव्हिंग कॉईल एलपीच्या मापाची. एलपीतल्याही कित्येक मोनो. मोनोच्या खाचेत आवाज फक्त आडवा असतो. स्टीरिओ सुई उभा हादराही वाचते, पण त्या उभ्या हादऱ्यात धूळ आणि ओरखड्यांशिवाय काही नसतं. खाँसाहेबांची जी एलपी आहे ती जुन्या ७८ वरूनच केलेली, म्हणजे मूळ तबकडीची खरखर तिच्यात छापलेलीच आहे. महागडी सुई ती खरखरही इमानाने ऐकवेल.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, "बेटा, मूव्हिंग कॉईल छान आहे, पण आपल्या पेटीसाठी नाही." ७८ चा वेग असलेलं टर्नटेबल घेतलं, कारण नव्या टर्नटेबलांपैकी अनेकांत तो वेग नसतोच. एक साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज घेतलं आणि त्याला दोन सुया, एक ७८ ची, एक एलपीची. उरलेले पैसे रेकॉर्डींच्या सफाईला आणि त्या संगणकावर उतरवून घ्यायला ठेवले. भाचा जरा नाराज झाला. मग म्हणाला, "ठीक है मामू, लेकिन पहली रिकॉर्डिंग मुझे भेजना."

एक चूक मात्र माझ्या हातून झालीच. पहिल्याच दिवशी एक ७८ ची रेकॉर्ड मी स्पिरिटने पुसली. फर्निचरचं पॉलिश लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात हे माहीत असून डोक्यात आलं नाही. तबकडीची चकाकी गेली आणि तिच्यातली कव्वालीही. ऐंशी वर्षं उंदीर, ओल आणि पोलादी पिन सोसलेली वस्तू मी पाच मिनिटांत संपवली. तुम्ही असं करू नका. ७८ ला स्पिरिट लावायचं नाही. मऊ ब्रश आणि अगदी थोडं ओलसर कापड पुरतं.

गाणं-बजावणं ऐकावं की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, आणि ते जुने आहेत. चाचाही शेवटी-शेवटी रेकॉर्ड लावत नव्हते. पण पेटी त्यांनी फेकली नाही. ज्याला ऐकायचं नाही त्याने ऐकू नये, पण तबकडी हा दस्तऐवजही आहे. आपल्या इतिहासाबद्दल तक्रार करताना आपण नेहमी म्हणतो की आमचं कोणी लिहून ठेवलं नाही. हे तर लिहिलेलं आहे, लाखेवर कोरून, नावासकट. ते भंगारवाल्याला किलोने देणारे आपणच आहोत. मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अशा रेकॉर्डींचे ढीग पडलेले असतात. त्यातल्या कित्येक आपल्याच माळ्यांवरून गेलेल्या.

तुमच्याही घरी अशी पेटी असेल तर आधी ती उघडा. रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. ७८ किती, एलपी किती, मोनो किती ते मोजा आणि मगच सुई ठरवा. सगळी पेटी नव्या स्टीरिओ एलपींची असेल आणि तुमच्याकडे चांगलं टर्नटेबल असेल, तर मूव्हिंग कॉईल जरूर घ्या.

गेल्या जुम्याला मी खाँसाहेबांची तबकडी लावली. चाची खाटेवर बसल्या होत्या. आवाज सुरू झाला तसं त्या म्हणाल्या, "ये तो वो रात को लगाते थे." मग रेकॉर्ड संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. ती रेकॉर्डिंग मी भाच्याला पाठवली आहे. खरखर आहे तिच्यात. ती काढू नकोस, असं त्याला सांगितलं आहे.